पोटातला मुलूख

नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी तिथून पुढे सरकली की हळूहळू माती काळी होत जाते. मी रत्नागिरीकडचा, जांभा दगड, उतरत्या वाड्या आणि खारा वारा एवढंच डोळ्यांना ठाऊक. इतकी सपाट, इतकी काळीभोर जमीन आणि तिच्या उत्तर कडेला आडवा पसरलेला सातपुडा पाहून बोलणंच सुचेना. नंदुरबार आलं तेव्हा त्या काळ्या मातीवर लाल पथाऱ्या अंथरलेल्या दिसल्या. ती मिरची होती. देशातल्या मोठ्या मिरची-बाजारांपैकी एक इथे भरतो. हिवाळ्यात व्यापारी ओली लाल मिरची घेतात, मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात, आणि बायका दिवसभर तिच्यात बसून देठ खुडतात, माल निवडतात. नुसत्या वाऱ्यानेच माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या बायका मात्र निवांत गप्पा मारत होत्या.

मला जायचं होतं सारंगखेड्याला. शहादा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं हे गाव. इथला दत्त एकमुखी. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला इथली यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. तीनशे वर्षांची परंपरा लोक अभिमानाने सांगतात. अलीकडे त्याला चेतक महोत्सव असं नाव मिळालं आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे ट्रकांतून शेकडो कोस प्रवास करून येतात. रंगांनी कुमैत, मुश्की, अबलख, आणि सगळ्यांचे डोळे खेचून घेणारे पांढरेशुभ्र नुकरे. कुणी रेवाल चाल दाखवतो, कुणी हलगीवर नाचवतो. गिऱ्हाईक दात बघतं, खूर उचलून बघतं, अंगावरचे भोवरे मोजतं, गळ्याशी देवमण हा शुभ भोवरा आहे का ते चाचपतं. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तो पंचकल्याणी. त्याच्याभोवती माणसांचं कडं पडलेलंच. रंगावरून किंमत लाखांनी वरखाली होते. घोड्याच्या अंगावर बघण्यासारखं जे जे आहे ते सगळं हा बाजार बघतो, आणि फार बारकाईने बघतो. मला जे अद्भुत भेटलं ते मात्र कातडीच्या आत होतं.

एका राहुटीमागे कुमैत घोडी अस्वस्थ होती. पुढच्या खुराने माती उकरायची, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायची, बसू पाहायची. मालक तिला बसू न देता गोल फिरवत होता. पशुवैद्यक आले, त्यांनी तिला थांबवलं आणि कुशीवर स्टेथोस्कोपची नळी टेकवली. डावीकडे वर, मग खाली. उजवीकडे वर, मग खाली. प्रत्येक ठिकाणी बराच वेळ. भोवती जमलेले खानदेशी शेतकरी गप्प होते. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पोट बोली ऱ्हायनं का, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरांनी मान हलवली. बाबा मालकाकडे वळून म्हणाले, "मंग घाबरानं काम नई, भाऊ."

डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावरची उत्सुकता ओळखली असावी. नळी माझ्या कानाला लावून ते म्हणाले, "ऐका." आधी काहीच नाही. मग खोलवर एक लांब गडगडाट उठला, कुशीतून पुढे सरकला आणि विरला. मग शांतता. मग पुन्हा. "हे तिचा मेंदू करत नाही," डॉक्टर म्हणाले, "आतडं स्वतःच करतं."

त्या एका वाक्यामागे मी पुढे कितीतरी दिवस वाचत राहिलो. जे कळलं ते असं.

घोड्याचं आतडं तोंडापासून शेवटापर्यंत सुमारे तीस मीटर लांब. त्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला गोल वेढा घालणारा, बाहेरचा लांबीच्या दिशेने धावणारा. या दोन थरांच्या मधोमध चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं आहे. रापणीचं जाळं वाळूवर पसरून ठेवावं तसं ते दिसतं, फक्त याच्या प्रत्येक गाठीत जिवंत पेशींचा झुबका असतो आणि प्रत्येक धाग्यातून त्यांचे तंतू पुढच्या गाठीकडे गेलेले असतात. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत ते कुठेही तुटत नाही. लेओपोल्ड आउअरबाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचं नाव मिळालं. त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, गेओर्ग माइस्नरने दुसरं जाळं दाखवलं होतं. ते आणखी आत, आतड्याच्या अस्तराखाली असतं. उंदरासारख्या लहान प्राण्यात हे आतलं जाळं एकपदरी असतं. माणूस, डुक्कर, घोडा यांच्यासारख्या मोठ्या सस्तन प्राण्यांत त्याला एकाहून अधिक पदर असतात. बाहेरचं जाळं मुख्यतः स्नायू हलवतं; आतलं पाणी, क्षार, पाचकरस आणि रक्तपुरवठा सांभाळतं.

माणसाच्या आतड्यात अशा चेतापेशी किती? अंदाज दहा कोटींपासून पन्नास कोटींपर्यंत जातात. मेंदूतल्या सुमारे आठ हजार सहाशे कोटी पेशींपुढे ही संख्या लहान, पण मेंदू आणि मज्जारज्जू सोडले तर शरीरात इतक्या चेतापेशी एकत्र दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि त्या नुसत्या मोजण्यापुरत्या नाहीत, त्यांच्यात कामाची विभागणी आहे. गिनीपिगच्या लहान आतड्याचा नकाशा सगळ्यांत बारकाईने काढला गेला आहे, त्यात ऑस्ट्रेलियातल्या जॉन फर्नेस आणि मार्चेल्लो कोस्टा यांचं काम मोठं. त्या नकाशात पंधराच्या आसपास प्रकारच्या पेशी ओळखता येतात. काही फक्त जाणतात: भिंत ताणली गेली, अस्तराला काही घासलं, आतल्या रसाचा आंबटपणा बदलला. या जाणत्या पेशींचे तंतू आतड्याला आडवे वेढून जातात आणि एकमेकींना उठवतात. काही पेशी निरोप्या. त्यांचे तंतू लांबीच्या दिशेने जातात. गिनीपिगच्या आतड्यात तोंडाच्या दिशेने निरोप नेणाऱ्या पेशींचा एकच प्रकार सापडला, गुदद्वाराच्या दिशेने नेणाऱ्यांचे तीन. मला ही गोष्ट वाचून फार आनंद झाला. अन्न ज्या दिशेला जायचं, तिकडची वाट जास्त निरोप्यांनी बांधून ठेवली आहे.

शेवटच्या पेशी स्नायूला हात घालणाऱ्या. त्यांच्यात दोन जाती: एक स्नायू आवळणारी, दुसरी सैल सोडणारी. आवळणारी मुख्यतः अॅसिटिलकोलीन सोडते, सैल करणारी नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं. आवळणारीचे तंतू जवळच किंवा तोंडाकडे वळतात. सैल करणारीचे गुदद्वाराकडे. म्हणून आतड्यात एखादा घास अडकून भिंत ताणली गेली की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा भाग सैल पडतो. घास सरकतो. नव्या जागी पुन्हा भिंत ताणली जाते, पुन्हा मागे आवळ, पुढे सैल. कुणी हुकूम दिलेला नाही. प्रत्येक वीतभर आतडं आपल्यापुरता निर्णय घेतं, आणि त्या निर्णयांची साखळी म्हणजे डॉक्टरांच्या नळीतून मी ऐकलेला तो सरकता गडगडाट.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते लंडनच्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी, १८९९ मध्ये. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, आणि तरीही आवळण्या-सोडण्याचा हा नियम चालूच राहिला. १९१७ मध्ये जर्मनीत पाउल ट्रेंडेलेनबुर्गने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट द्रवात ठेवला आणि त्यात दाब वाढवला. तो तुकडाही लाटा उठवू लागला. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, प्राणीच नाही. काही इंच लांबीची नळी, आणि ती आपलं काम करते आहे. केंब्रिजच्या जॉन लँगलीने १९२१ मध्ये या सगळ्या जाळ्याला शरीराच्या स्वयंचलित चेतासंस्थेचा स्वतंत्र विभाग मानलं. मेंदूकडून आतड्याकडे येणारे तंतू इतके थोडे आणि आतड्यातल्या पेशी इतक्या अफाट, की बहुतेक पेशींना वरून काही ऐकूच येत नसणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

वरून फार ऐकू येत नसलं तरी खालून वर मात्र पुष्कळ बोललं जातं. व्हेगस नावाची नस मेंदूतून निघून मानेतून छातीपोटात उतरते. तिच्यातले पाचातले चार धागे मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. सारंगखेड्याच्या बाजारात दुपारी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला तेव्हा माझ्या पोटातून अशाच बातम्या वर जात होत्या. मिरचीतलं कॅप्सेसीन चेतातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला उघडतं. तोच ग्राहक चटक्याच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून तिखट आपल्याला भाजल्यासारखं लागतं. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पोटात तो मुख्यतः बाहेरून आलेल्या नसांच्या टोकांवर असतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवरची मिरची आणि स्टॉकहोमचं पारितोषिक यांत इतकं थोडं अंतर असेल असं वाटलं नव्हतं.

घोडीकडे परत यायला हवं. घोड्याला उलटी करता येत नाही; जठराच्या तोंडाची झडप एकदा आवळली की सुटत नाही. जे गिळलं ते पुढेच जायला हवं. आणि पुढची वाट सोपी नाही. मोठं आतडं पोटात घडी घालून बसलेलं, आणि डाव्या बाजूला मागे, कमरेच्या हाडांजवळ, ते एकदम वळण घेऊन अरुंद होतं. कडब्याची जाडी काडी तिथे तशीच पुढे जाऊन चालत नाही. ती आधी जंतूंनी आंबवून मऊ व्हावी लागते. म्हणून त्या वळणापाशी लाटा दोन्ही दिशांना निघतात. जाडं मागे थोपवलं जातं, बारीक पुढे सोडलं जातं. स्नायूला ताल देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालचं नाव त्यांना मिळालं आहे. माणसाच्या जठरात त्या मिनिटाला तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे बारा लाटा उठवतात. ताल त्यांचा, आणि त्या तालावर केव्हा आवळायचं, केव्हा थांबायचं हे ठरवतं चेतापेशींचं जाळं. लांबच्या प्रवासात घोडा कमी पाणी प्याला, चारा बदलला, की त्या अरुंद वळणावरच कोरडा गोळा अडकतो. घोडेवाले ज्याला पोटशूळ म्हणतात त्याचं हे एक नेहमीचं ठिकाण. त्या घोडीचं पोट बोलत होतं, म्हणजे जाळं जागं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं, नळीने पोटात पाणी सोडलं, आणि संध्याकाळी तिने लीद टाकली तेव्हा मालकाने दत्ताच्या देवळाकडे हात जोडले.

आता पंचकल्याणीबद्दल. हे वाचताना मी खरोखर उठून उभा राहिलो.

गर्भाची पाठ घडत असते तेव्हा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर प्रवासाला निघतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यातल्याच. त्या पाठीकडून खाली, पोटाकडे आणि पायांकडे चालत जातात. काही घोड्यांत त्या सगळीकडे पोचत नाहीत. मग जिथे पोचायला सर्वांत लांब, त्या जागा पांढऱ्या राहतात. खुरांच्या वरचे पाय. कपाळ. बाजारात ज्या पांढऱ्या पायांसाठी पैसा मोजला जातो, तिथवर रंगाच्या पेशी चालत आलेल्या नसतात.

त्याच कडेवरून, मानेच्या भागातून, दुसरा एक जत्था निघतो. तो आतड्यात शिरतो आणि त्याच्या भिंतीतून, संख्येने वाढत, टोकापर्यंत जातो. गर्भातल्या पेशींच्या प्रवासात यासारखा लांबचा पल्ला दुसऱ्या कुणाचा नाही. माणसाच्या गर्भात तो चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि सातव्याच्या सुमारास संपतो. शेपटीकडच्या भागातूनही थोड्या पेशी उलट्या बाजूने येऊन मिळतात. कोंबडीच्या गर्भातली ती मानेजवळची कड काढून टाकली तर आतडं जाळ्याविना वाढतं, हे १९५४ मध्ये दिसून आलं. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी १९७०च्या दशकात कोंबडीच्या गर्भात लावी पक्ष्याच्या पेशी बसवल्या. लावीच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं, म्हणून कोणती पेशी कुठून निघून कुठे पोचली हे त्यांना डोळ्यांनी पाहता आलं. आउअरबाखच्या जाळ्यातली प्रत्येक पेशी अशा चालत आलेल्या पेशींच्या वंशातली आहे. तिचं मूळ आतड्यातलं नाही.

म्हणजे घोड्याचा रंग आणि घोड्याचं पोट ही सख्खी भावंडं. अमेरिकेतल्या पेंट जातीच्या काही अबलख घोड्यांत हे नातं क्रूरपणे उघड होतं. एका जनुकात विशिष्ट बदल असलेले नर आणि मादी, दोघेही धडधाकट, एकत्र आले की काही वेळा पूर्ण पांढरं, निळ्या डोळ्यांचं शिंगरू जन्मतं. ते उठतं, दूध पितं, आणि काही तासांत पोटशुळाने लोळू लागतं. त्याच्या आतड्यात जाळंच नसतं. काही दिवसांत ते जातं. १९९८ मध्ये तो जनुक सापडला: रंगाच्या आणि आतड्याच्या, दोन्ही पेशींना वाटेत लागणारा एक ग्राहक तो बनवतो. सारंगखेड्याच्या बाजारात उभा असलेला धिप्पाड नुकरा पाहून कुणी घाबरू नये. कडबा खाऊन वर्षानुवर्षं वाढलेला घोडा हाच त्याच्या पोटातल्या जाळ्याचा पुरावा आहे.

माणसांतही हे नातं आहे, आणि ते ओळखणाऱ्यांत आपल्या मुंबईचे डॉक्टर होते हे वाचून ऊर भरून आला. १९८१ मध्ये डॉ. के. एन. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच कुटुंबांतल्या बारा अर्भकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. कपाळावर केसांची पांढरी बट, बुबुळांचा रंग निराळा, आणि आतड्याच्या लांब भागात चेतापेशी नाहीत. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत या विकाराला आता वार्डेनबुर्ग-शहा असं नाव आहे. एका बाळाच्या कपाळावरची बट पाहून त्याच्या आतड्याचा विचार करणं, ही नजर मला त्या बाजारातल्या सगळ्या पारखी नजरांहून मोठी वाटते.

पांढऱ्या बटेशिवाय, फक्त आतड्यापुरता हा दोष त्याहून अधिक आढळतो. सुमारे पाच हजार जन्मांत एका बाळाला. पेशींचा जत्था टोकापर्यंत पोचण्याआधीच थांबतो, आणि शेवटचा भाग जाळ्याविना राहतो. तिथे सैल सोडणारी पेशी नाही, म्हणून तो भाग कायम आवळलेला. त्याच्या वर मळ साठतो, पोट फुगतं. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंगने १८८६ मध्ये अशी दोन बाळं वर्णिली, पण तेव्हा आणि पुढेही बराच काळ सगळ्यांचं लक्ष फुगलेल्या भागाकडे होतं. खालचा बारीक भाग बघायला साधा, निरोगी दिसतो. दोष त्याच्यात आहे हे ओळखून ऑर्वार स्वेन्सनने बॉस्टनमध्ये तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९४८ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

नंदुरबारहून निघण्याआधी मी अक्राणीच्या डोंगरातही जाऊन आलो. तिथले पाडे दरीदरीत विखुरलेले, नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या वस्त्यांसाठी तर बोटीवरचे दवाखाने चालवावे लागतात. अशा ठिकाणी या विकाराची पहिली खूण कुठल्याही यंत्राविना ओळखता येते, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं निरोगी बाळ पहिली काळी, चिकट शी बहुधा चोवीस तासांत आणि जवळजवळ नेहमीच अठ्ठेचाळीस तासांत करतं. ती झाली नाही, पोट फुगत चाललं, हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपाय करत न थांबता बाळाला मोठ्या रुग्णालयात नेलं पाहिजे. तिथे गुदद्वाराच्या आतून भिंतीचा एक लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: चेतापेशी आहेत की नाहीत. नसतील तर शस्त्रक्रिया करताना सर्जन वरवर जात पुन्हा तुकडे घेतो आणि ते लगेच तपासले जातात. ज्या जागी पेशींचे निरोगी झुबके दिसतात तिथवरचं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं जातं.